सदतिसावा फोटो

आत्याच्या घराचा माळा रिकामा करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आत फोटो. काही सुटे, काही स्टुडिओच्या पिवळ्या पाकिटांत, दोन-तीन एकमेकांना चिकटून कायमचे एक झालेले. त्यातला एक वेरूळचा होता. कैलास लेण्यातल्या दगडी हत्तीपुढे वडील, काका, आत्या, स्वेटर घातलेलं एक लहान मूल आणि डावीकडे एक टोपीवाला. उन्हाकडे तोंड केल्याने सगळ्यांचे डोळे मिटल्यात जमा. हत्तीची सोंड मुळात तुटलेलीच आहे, फोटो काढणाऱ्याने उरलेला हत्तीही अर्धा बाहेर ठेवला होता. फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने, आत्याच्या तिरप्या अक्षरात : ‘वेरूळ, डिसेंबर ७४. टोपीवाला आपल्यातला नाही. यानंतर दहा मिनिटांनी दादाचं पाकीट गेलं.’

आवरायचं काम तिथेच थांबलं. दादा म्हणजे माझे वडील. पाकीट हरवल्याचं त्यांनी आम्हाला जन्मात कधी सांगितलं नव्हतं. टोपीवाल्याकडे मी पुन्हा एकदा नीट पाहिलं. गरीब बिचारा दिसत होता.

माझ्या फोनमध्ये गेल्या पावसाळ्यातल्या एका दिवसाच्या सहलीचे चारशे अकरा फोटो आहेत. रंग, प्रकाश, स्पष्टपणा सगळ्यांत ते त्या वेरूळच्या फोटोला सहज मागे टाकतील. पण त्यांतल्या एकालाही पाठ नाही. सहलींचे, ट्रेकचे, लांबच्या प्रवासांचे हौशी फोटो आणि ते दाखवता दाखवता सांगायच्या गोष्टी हा मराठी घरांतला जुना व्यवहार. आज तो पूर्वीच्या शंभरपट वाढला आहे आणि माझ्या मते तेवढाच पातळही झाला आहे. तो असा कसा होत गेला, याचा हा आढावा.

फोटो येण्याआधी आपल्याकडे नुसती पाठच होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरची ओढगस्त संपावी म्हणून उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले. वाटेत बंड पेटलं. भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळवलेलं लुटलं गेलं, पुन्हा मिळवलं, पुन्हा गेलं, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना दिसलेली धुळीने माखलेली, तहानलेली झाशीची राणी मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आजही उभी राहते, आणि तिथे कॅमेरा नव्हता. हे सारं त्यांनी चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून १८८३च्या सुमारास लिहून काढलं. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापला १९०७ साली, तेव्हा भटजी हयात नव्हते आणि मजकुरावर वैद्यांचा हातही फिरलेला होता. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६मध्ये. फोटोला फिल्टर लावून टाकणाऱ्या पोरांना आपण नावं ठेवतो. इथे फिल्टर निघायला जवळजवळ साठ वर्षं लागली.

गंमत म्हणजे भटजी उत्तरेत पायपीट करत होते त्याच काळात मुंबईत हौशी लोक आपापले फोटो एकमेकांत वाटत होते. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचं मासिकच निघत होतं. त्यात फोटोंच्या प्रती अंकाच्या पानांवर चिकटवलेल्या असत आणि सोबत छापील माहिती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीत उत्साहाने वावरत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक फोटोग्राफर झाले. काचेवर ओलं रसायन फासायचं, ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे धुवायचा, असा तो उद्योग. पैसा, वेळ आणि नोकर हाताशी असल्याशिवाय तो जमण्यासारखा नव्हता. हौशी म्हणजे पोटासाठी न करणारा. कच्चा किंवा अर्धवट असा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

१८८८ साली कोडॅकने शंभर फोटोंचा रोल भरलेला कॅमेरा विकायला काढला. रोल संपला की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला. आपल्या मध्यमवर्गात मात्र कॅमेरा खऱ्या अर्थाने शिरला तो बडोद्यात बनणाऱ्या आग्फाच्या ‘क्लिक थ्री’मुळे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. बारा फोटोंत अख्खं महाबळेश्वर उरकायचं, त्यातही दोन सासरच्या मंडळींसाठी राखीव. पुढे पस्तीस मिलिमीटरचा रोल आला, छत्तिसांचा. आणि ‘हॉट शॉट’सारखे खटकन दाबायचे कॅमेरे आले, तेव्हा फोटो काढायला शिकावं लागतं ही समजूतही गेली.

त्या रोलच्या हिशेबाने गोष्टींना एक आकार दिला होता, तो आता सांगूनही पटत नाही. रोल चढवताना हात हलका असेल तर छत्तिसांवर सदतिसावा फोटो मिळायचा. तो फुकटचा. शिवाय रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही असा घरोघरचा नियम, त्यामुळे गणपतीपुळ्याला सुरू झालेला रोल दोन महिन्यांनी घरीच संपवला जाई. कशावर? वाटाणे सोलणाऱ्या आजीवर, शेजाऱ्यांच्या नव्या लुनावर, झोपलेल्या मांजरावर. समुद्राचे तीस फोटो आज कुणी बघत नाही. आमच्या घरात जो एक फोटो मोठा करून लावलाय तो असाच ‘रोल संपवायचा म्हणून’ काढलेला आहे, आणि त्यात आजीच्या मांडीवर वाटाण्यांचं ताट आहे.

रोल धुऊन आला की दाखवण्याचा कार्यक्रम असे. काळ्या कागदांचा अल्बम, कोपऱ्यांत खोचलेले फोटो, मधे जाळीच्या नक्षीचा बटर पेपर. पाहुणे चहा घेता घेता पानं उलटत, आणि दर पानाला कुणीतरी बोट ठेवून विचारी : ‘ही कोण गं?’ मग प्रवास सुरू होई. बस कुठे बंद पडली, धर्मशाळेत ढेकूण किती होते, कोण कुणाशी बोलत नव्हतं. अल्बम हे निमित्त होतं, खरा माल तोंडी होता. ज्यांच्याकडे स्लाइडचा प्रोजेक्टर असे त्यांच्या घरी तर चादर टांगून अंधार करत. हिमालयातल्या मोहिमेवरून आलेल्या मंडळींचे असे कार्यक्रम पुण्या-मुंबईत शाळांच्या सभागृहांत भरत. मागच्या रांगेतले आजोबा हात वर करून ‘तिथे शौचाला कुठे जाता?’ असं विचारत आणि शेर्पा, ऑक्सिजन, हिमकडे बाजूला राहून सभागृह त्या उत्तरासाठी कान टवकारी. ऐकणाऱ्याला मधे बोलण्याचा हक्क होता. सांगणाऱ्याची बढाई तिथल्या तिथे उतरवली जाई.

छापील प्रवासवर्णनांबद्दल फार रेंगाळत नाही. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. एक मात्र सांगायला हवं. पु. ल. देशपांडे यांचं ‘अपूर्वाई’ १९६० साली आलं आणि मराठी माणसाला परदेश कसा पाहायचा याचं एक वळण मिळालं. त्या पुस्तकाबरोबर आठवतात ती शि. द. फडणीसांची चित्रं, फोटो नव्हेत. पण त्या यशाचा एक तोटा हौशी लिहिणाऱ्यांना आजतागायत सोसावा लागतोय. ट्रेकचा कुठलाही वृत्तांत घ्या : पहाटेचा गजर, उशिरा येणारा एक मित्र, त्याच्या पोटाबद्दल विनोद, एसटीच्या कंडक्टरचं वाक्य. पुलंनी जे स्वतःच्या नजरेने टिपलं ते यांनी पुलंच्या नजरेने टिपलेलं असतं. हसू येतं, नाही असं नाही. पण किल्ला कुठला होता ते आठवत नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांची एक वेगळी शाखा होती आणि माझ्या लेखी तीच या सगळ्या परंपरेची कणखर बाजू आहे. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांवर जन्मभर पाय झिजवले, ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली आणि खांद्याला कॅमेराही लावला. त्यांच्या दुर्गचित्रांचं पुस्तक पुढे निघालं. प्र. के. घाणेकरांची किल्ल्यांवरची पुस्तकं आणि आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ ही तर कित्येकांच्या सॅकमध्ये भिजून फुगलेली असत. या मंडळींचं सांगणं उपयोगाचं असे. पायथ्याचं गाव कोणतं, एसटी किती वाजता, वाटेत टाकं कुठे आणि त्यातलं पाणी मार्चपर्यंत टिकतं का, घसारा कुठे, मुक्कामाला देऊळ की गुहा. हाताने काढलेले नकाशे झेरॉक्स करून वाटले जात. त्यांत एखादी वाट चुकीची निघाली तर पुढच्या वेळी कट्ट्यावर त्याबद्दल ऐकून घ्यावं लागे. गोष्ट सांगणाऱ्यावर, ती ऐकून उद्या कुणीतरी त्या कड्याखाली उभा राहणार आहे, याची जबाबदारी होती.

हौशी नजरेने नोंदवलेली गोष्ट किती टिकाऊ असू शकते याचं सह्याद्रीतलंच एक उदाहरण. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या सुमारास खालच्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य पडतं आणि मधोमध आपलीच सावली दिसते; ट्रेकर त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने ते पाहून लिहून ठेवलं, आणि दख्खनच्या हवामानावरच्या त्याच्या १८३५ सालच्या निबंधात ते छापलंही गेलं. आज कोकणकड्यावर डोळे लावून बसणारे पुष्कळजण त्या नोंदीच्या जोरावर बसतात. फोटो नव्हता, पण जागा होती, वेळ होती, सूर्य कुठे होता ते होतं.

मग फोन आला. त्याबद्दल रडगाणं गायची माझी इच्छा नाही. ज्या घरात कधी कॅमेरा नव्हता त्या घरातल्या मुलीने सिंहगडावर आपला, आईचा आणि कणसाचा फोटो स्वतः काढावा, यात वाईट काही नाही. उलट १८५४च्या त्या सोसायटीपेक्षा हा हौशीपणा जास्त खरा आहे. किल्ल्यांचे आकाशातून काढलेले फोटो उद्धव ठाकरे यांनी ‘महाराष्ट्र देशा’ या पुस्तकात २०१० साली आणले तेव्हा लोक थक्क झाले होते. आता कॉलेजातला मुलगा हातात मावणारा ड्रोन घेऊन राजगडाची संजीवनी माची तशीच दाखवतो (परवानगी काढली असेल तर उत्तम, बहुधा नसते).

बदललंय ते दुसरंच. पूर्वी फोटो दाखवले जात, आता पाठवले जातात. पाठवलेल्या फोटोला अंगठा येतो, फुलं येतात, हात जोडलेले येतात. ‘ही कोण गं?’ येत नाही. सहलीहून घरी पोचायच्या आत ग्रुपवर एकशे साठ फोटो पडतात, तेच नऊजणांनी नऊ कोनांतून काढलेले, आणि त्याखाली सकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पाणी कपातीची सूचना. विचारणारा नाही म्हणून सांगणारा सांगत नाही. आणखी एक तांत्रिक दुखणं आहे, ज्याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. फोनने काढलेल्या फोटोच्या आत तारीख, वेळ आणि जागा दडवलेली असते. म्हणजे पाठ असतेच, अदृश्य. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकसतो आणि ही माहितीही गळून पडते. समोरच्याच्या हाती जे पडतं त्यावर फारतर पाठवल्याची तारीख असते. दहा वर्षांनी कुणी तो डबा उघडला तर हिरवे डोंगर दिसतील, एवढंच. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर सगळं शाबूत राहतं, पण ते कोण करतं?

परदेशातल्या मराठी घरांनी या व्यवहारात आपली भर घातली आहे. मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आई-वडील, मागे नायगारा, अंगावर पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट. हा फोटो आमच्या सोसायटीत निदान सात घरी आहे. रेनकोट निळा असेल तर बोटीत अमेरिकेच्या बाजूने चढलेत, लाल असेल तर कॅनडाच्या. व्हिसा कुठला होता ते फोटोवरून ओळखता येतं. पण मला त्या घरांतला दुसराच फोटो आवडतो. एका काकूंनी न्यू जर्सीहून मैत्रिणींना नायगारा पाठवलाच नाही, किराणा दुकानातल्या कढीपत्त्याच्या पुडीचा फोटो पाठवला, किमतीच्या चिठ्ठीसकट. त्या ग्रुपवर त्या दिवशी जेवढी चर्चा झाली तेवढी नायगाऱ्यावर कधीच झाली नसेल. कढीपत्त्याखाली प्रश्न आले, उलटसुलट हिशेब आले, ‘कुंडीत लाव की’ असे सल्ले आले. काकूंना आपण सदतिसावा फोटो काढलाय हे ठाऊकही नसेल.

आता याची काळी बाजू. पाठ नसलेला सुंदर फोटो एकच गोष्ट सांगतो : इथे या. कास पठाराचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, आणि त्याच सुमारास गेंद, तेरडा, सोनकी, सीतेच्या आसवांचे गालिचे घरोघरी पोचू लागले. पठारावरची माती वीतभरही नाही. त्यावर हजारो पावलं. जाळीचं कुंपण घातलं गेलं, पुढे ते काढावंही लागलं. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, लांब वाहनतळ अशी व्यवस्था आली. तरी फुलात बसून फोटो काढणारा दर रविवारी एक तरी सापडतोच. त्याला झापणारा गावकरीही सापडतो, हे त्यातल्या त्यात बरं.

काजव्यांचं प्रकरण मला जास्त विचारात पाडतं. भंडारदरा, पुरुषवाडीकडे मे-जूनमध्ये काजवे बघायला गाड्यांची रांग लागते. लोक जे फोटो पाहून येतात त्यांत झाडं सोन्याने मढवलेली दिसतात. ते फोटो खोटे नाहीत, पण एका क्षणाचेही नाहीत : कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या कित्येक चौकटी घ्यायच्या आणि एकावर एक रचायच्या. तासाभराचे काजवे एका फोटोत. बघायला आलेला माणूस अंधारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘एवढेच?’ मग हेडलाइट लावतो. काजवा जोडीदाराला बोलावण्यासाठी चमकतो. हेडलाइटच्या उजेडात त्याचं बोलावणं कुणाला दिसणार? फोटोखाली ‘साठ चौकटी रचून’ एवढं लिहिलं असतं तर निम्मे लोक आले नसते असं मी म्हणणार नाही. पण आलेल्यांनी जरा वेळ अंधाराला डोळे सरावू दिले असते.

जुलै २०२४मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी रील करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली. त्या भागात पावसाळ्यात मनाई आदेश निघतात, फलक लागतात, पोलीस उभे राहतात. दोष एकट्या फोटोचा आहे असं म्हणणं मात्र आळशीपणाचं वाटतं. द्रुतगती मार्ग झाले, गाड्या आल्या, शनिवार-रविवार जोडून सुट्ट्या आल्या, आणि शहरात पाय मोकळे करायला मैदान उरलं नाही. धबधब्यावरची गर्दी या सगळ्यांची बेरीज आहे. फोटोने फक्त पत्ता दिला. तो देताना जुना ट्रेकर जे सांगायचा ते गाळलं : पाय कुठे ठेवू नकोस.

कधी कधी हाच व्यवहार उलटाही फिरतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगाव भागात सफारीच्या गाड्यांनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. प्रत्येक गाडीतून फोन पुढे. त्या दृश्याची चित्रफीत पर्यटकांकडूनच पसरली, आणि तिच्यामुळेच प्रकरण उघडकीला आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वाहनचालक आणि गाइडांवर कारवाई झाली. मिरवायला काढलेली चित्रफीत पुरावा ठरली.

हौशी माणसाने फोटोला पाठ दिली तर काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण रत्नागिरीचं आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई या तिघांपैकी कुणीही पुरातत्त्व खात्यातला नाही. सड्यांवर फिरणारी, पक्षी बघणारी ही माणसं. जांभ्या दगडावर कोरलेली काही चित्रं ठाऊक होती. आणखी असतील म्हणून त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांना, गुराख्यांना विचारायला सुरुवात केली. गवत बाजूला केलं, माती झाडली, मोजलं, फोटो काढले, जागा टिपली. शेकडो कातळशिल्पं उजेडात आली. त्यांतलं कशेळीचं एवढं थोरलं आहे की उभ्याने फोटोत मावत नाही : सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद हत्ती, पोटात इतर प्राणी घेऊन पहुडलेला. उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे, बारसू ही नावं २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळही. रविवारच्या भटकंतीतून हे घडलं. फरक एवढाच की त्यांनी दगडाशेजारी राहणाऱ्या माणसाला आधी विचारलं आणि मग कॅमेरा काढला.

पक्षीवाल्यांची शिस्तही शिकण्यासारखी आहे. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात एका बाजूला मोठे शास्त्रीय निबंध आणि दुसऱ्या बाजूला इंजिनिअर, कलेक्टर, मळेवाल्यांनी पाठवलेल्या चार-चार ओळींच्या टिपणांची जागा, अशी पद्धत पडली. कुठे, कधी, काय करताना पाहिलं. आजची ई-बर्डवरची नोंद त्याच वंशातली. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३च्या अहवालात ९४२ जातींचा लेखाजोखा मांडला गेला तो सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींच्या आधारावर. त्यातला कुणी ठाण्याच्या खाडीवर ऑफिसला जायच्या आधी उभा राहिलेला असेल, कुणी नाशिकच्या नांदूर मधमेश्वरला मुलाला खांद्यावर घेऊन. हीच माणसं घुबडाच्या ढोलीची किंवा घरट्याची जागा मात्र सांगत नाहीत. काय सांगायचं याइतकंच काय झाकायचं हेही त्यांना कळतं, आणि ते आम्हा सहलवाल्यांना अजून कळलेलं नाही.

कायद्याचं एक जाता जाता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता तो काढणारा. त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. म्हणजे वाटसरूच्या हाती फोन देऊन ‘काका, आमचा एक काढता का?’ म्हटलं की सरळ अर्थ घेतला तर तो फोटो काकांचा. वेरूळचा फोटो कुणी काढला ते आत्याने लिहिलेलं नाही. घरातले सगळे तर त्यात आहेत. टोपीवाल्याचा साथीदार असावा असा माझा आता पक्का संशय आहे.

राहता राहिली ती माणसं, जी आपल्या फोटोंत असतात पण ज्यांच्यापर्यंत ते कधी पोचत नाहीत. दिवे घाटातली वारकरी आजी, माळावरचा धनगर, भाताच्या खाचरातल्या बायका. त्यांचे फोटो मोठ्या प्रदर्शनांत लागतात, भिंतींवर जातात. मीही यातून सुटलेलो नाही. अकोले तालुक्यातल्या एका वाडीत गडावरून उतरताना आम्ही एका ओसरीवर थांबलो होतो. आजीने ताक दिलं, मी फोटो काढले. निघताना ती म्हणाली, ‘समदी काडत्यात फोटू. दावत न्हाई कुनी.’ मी पाठवतो म्हणालो. कुठे पाठवणार, तेही विचारलं नाही.

दोन पावसाळे गेले. आत्याचा डबा सापडल्यानंतरच्या श्रावणात त्या वाटेने पुन्हा जायचं ठरलं तेव्हा आठवणीने दोन प्रती कागदावर काढून घेतल्या. आजी त्याच ओसरीवर होती. तिने फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला. स्वतःकडे तिने पाहिलंच नाही. मागे खुंट्याला बांधलेल्या गाईवर बोट ठेवलं. ‘ही कपिली. औंदा इकली.’ बराच वेळ गेला. मग तिने फोटो उलटा केला, कोरी पांढरी बाजू बघितली आणि शाळेची पिशवी आवरत बसलेल्या नातवाला हाक मारली.

‘हिकडं ये रं. लिव्ह मागं. कपिली. आन म्या.’

पोराने माझ्याकडून पेन घेतलं. लिहून झाल्यावर त्याने वर बघितलं. ‘तारीख काय टाकू?’

‘लावनी चालली व्हती,’ आजी म्हणाली. ‘त्येच टाक.’